चौधरीच्या वहीतली माझी चूक

फोन आला तेव्हा मी एका कंत्राटदाराला झापत होतो. सिंगापूरच्या तुआस भागातल्या आमच्या यार्डात एक जुनं मालवाहू जहाज दुरुस्तीला लागलं होतं आणि या गृहस्थांनी गंज न खरवडताच वरून रंग फासला होता. माझा आवाज चढलेला, समोरचा मान खाली घालून उभा आणि टेबलावरचा फोन वाजतोय. वैतागूनच उचलला. पलीकडे मृण्मयी होती, शरद चौधरीची मुलगी. चौदा वर्षांची पोर, माझ्याशी नेहमी इंग्रजीतच बोलते. “अंकल, कॅन यू कम? डॅडी नॉट वेकिंग अप,” एवढंच म्हणाली. मागे सुमनवहिनी कुणालातरी फ्लॅटचा पत्ता सांगत होत्या, तेही ऐकू येत होतं. मी बिशानला त्यांच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला. जहाजाच्या इंजिनरूममध्ये सतरा वर्षं काढलेला माणूस, वादळं पाहिलेला, एकदा तर आगीतून बाहेर आलेला... आणि गेला तो बिशानच्या नवव्या मजल्यावर, पंख्याखाली, कुशीवर झोपलेला. त्याचा चष्मा उशाशी घडी घालून ठेवलेला होता.

या गोष्टीला आता चार आठवडे होतील. त्याच्याविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा पहिली अडचण ही आली की त्याची ओळख करून द्यायची कशी. मरीन इंजिनिअर होता, जळगाव जिल्ह्यातल्या रावेरचा होता, दहा वर्षांपासून सिंगापूरला होता, हे सगळं खरं आहे आणि त्यातून चौधरी जराही दिसत नाही. तो बेसबॉलचा स्कोअरर होता, असं लिहिलं तर रावेरचे त्याचे भाऊबंद चमकतील. पण मला तो आठवतो तो तसाच. मैदानाच्या कडेला, तारेच्या जाळीमागे, घडीच्या खुर्चीवर, डोक्यावर छत्री, मांडीवर लांबोडकी जाड वही. शेजारी थर्मास आणि पिशवीत दोन केळी. ती केळी खाताना दर रविवारी तो न चुकता म्हणायचा, “याला केळं म्हणतात इथे!” रावेरच्या माणसापुढे परदेशी केळ्याचं कौतुक करायची सोय नव्हती.

आमची ओळख कोपरावरून झाली. मी नव्वदच्या सुमारास पुण्याहून इथे आलो, तेव्हा नवा होतो आणि यार्डाच्या कँटीनमध्ये एकटाच जेवायचो. एकदा पलीकडच्या टेबलावरच्या माणसानं संत्रं मागितलं, मी बसल्या जागेवरून फेकलं, ते बरोबर त्याच्या ओंजळीत पडलं. तेवढ्यात एक अनोळखी ताट माझ्यासमोर येऊन टेकलं आणि ताटाचा मालक शुद्ध खानदेशी मराठीत म्हणाला, “भो, तुझं कोपर वाकतं.” मला असा राग आला! पुण्यात क्लबच्या क्रिकेटमध्ये याच कोपरानं माझी अब्रू घालवली होती. माझी गोलंदाजी म्हणजे सरळसरळ फेकी, असं म्हणून पंच एकामागून एक नोबॉल द्यायचे. शेवटी कप्तानानं मला सीमारेषेवर उभा केला तो कायमचाच. मी तुसडेपणानं म्हटलं, “मग? तुम्हाला काय त्रास?” त्यानं शांतपणे भाताचा घास घेतला. “त्रास कसला? रविवारी ये. आमच्याकडे वाकलेलंच लागतं.”

त्या काळात सेरंगूनजवळच्या एका मैदानावर रविवारी सकाळी यार्डांच्या आणि कंपन्यांच्या पाच-सहा टीम बेसबॉल खेळायच्या. जपानी, तैवानी, फिलिपिनो, तेलाच्या धंद्यातले काही अमेरिकन, आणि आमच्यासारखी खोगीरभरती. चौधरी जळगावच्या कॉलेजात सॉफ्टबॉल खेळलेला होता. पुढे गुडघा गेला आणि त्यानं वही धरली. त्यानं मला पिचर केलं. पिचर म्हणजे मधल्या उंचवट्यावरून फलंदाजाकडे चेंडू टाकणारा, सगळ्या मैदानाचे डोळे ज्याच्यावर असतात तो. पण खरं सांगायचं तर पिचर म्हणून मी बेताचाच होतो. चेंडू सरळ जायचा आणि समोरचा तो आरामात मारायचा. मला सूर सापडला तो वेगळ्याच ठिकाणी. चेंडू टाकून झाला की पिचर हा इतरांसारखाच एक क्षेत्ररक्षक असतो. अंगावर आलेला फटका अडवायचा, घरंगळत आलेला चेंडू धावत जाऊन उचलायचा, वळून पहिल्या बेसवर, म्हणजे फलंदाजाला धावत गाठायच्या पहिल्या ठाण्यावर, फेकायचा. यात मी तरबेज निघालो. आणि हे बघणारा त्या अख्ख्या मैदानावर एकच माणूस होता.

बाकीचे स्कोअरर पिचरनं किती जणांना बाद केलं ते लिहीत. चौधरीनं वहीच्या मागच्या पानांवर एक निराळा तक्ता सुरू केला होता, सगळ्या टीमच्या पिचरांच्या क्षेत्ररक्षणाचा. कुणाकडे किती वेळा चेंडू आला, त्यानं किती जणांना बाद करायला हात लावला, किती वेळा चुकला. सगळं शेजारी शेजारी, हंगामामागून हंगाम, बारीक निळ्या अक्षरात. “चेंडू टाकेपर्यंत सगळेच शूर असतात रे,” तो म्हणायचा, “टाकून झाल्यावर माणूस काय करतो, ते बघायचं.” तैवानी टीमच्या लिनच्या नावावर जवळजवळ चुकाच नव्हत्या. मी एकदा त्याचं कौतुक केलं तर चौधरी उखडला. “तो चेंडूच्या वाटेलाच जात नाही! हात लावला नाही तर चूक कशी होईल?” आणि मग त्यानं मला त्याचा खास रकाना दाखवला. जगातल्या कुठल्याही स्कोअरबुकात तो नसेल. त्याचं नाव ‘धावला’. जो चेंडू सोडून दिला असता तरी कुणी बोट दाखवलं नसतं, अशा चेंडूमागे जो जो धावला, त्याच्या नावापुढे तो तिथे एक बारकी रेघ मारायचा. मिळाला नाही तरी रेघ. माझ्या नावापुढच्या त्या रेघा बघून मला काय वाटायचं, ते या वयात कबूल करायला लाज वाटते. ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं, दोन बढत्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांना गेल्या होत्या. पण चौधरीच्या तक्त्यात ‘मोकाशी’ हे माझं नाव दुसऱ्या नंबरावर होतं. माझ्या वर फक्त एक जण, नाकानो नावाचा जपानी इंजिनिअर. काळासावळा, अबोल, मांजरासारखा चपळ. मला त्याच्या वर जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

आता भांडणाचं सांगतो, कारण ते टाळून हा लेख पुरा करता येणार नाही.

त्या हंगामाचा शेवटचा सामना नाकानोच्या टीमशी होता. शेवटचा डाव, आमची एक धाव जास्त, त्यांची दोन माणसं बेसवर, आणि फलंदाज खुद्द नाकानो. त्याच्या बॅटची कड लागून चेंडू माझ्या दिशेनं घरंगळत आला. सोपा होता. मी पुढे झालो, उचलला, पहिल्या बेसवर फेकला. तिथे आमचा रहीम उभा होता. रहीम म्हणजे यार्डातला मलय फिटर, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच आणि स्वभावानं गरीब गाय. त्यानं हात लांबवला, बेसवरचा पाय सोडून उडी मारली, चेंडू त्याच्या ग्लोव्हला घासून मागे गेला. दोन्ही माणसं धावत घरी, म्हणजे होम बेसवर, आली, त्यांच्या दोन धावा झाल्या आणि आम्ही हरलो. मी हात झटकत सरळ जाळीमागे गेलो आणि चौधरीच्या वहीत डोकावलो. बेसबॉलात प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर एक, पहिला बेस तीन. चुकीची खूण ई. चौधरीनं लिहिलं होतं, ई-वन. म्हणजे चूक माझी.

“चौधरी, रहीमच्या ग्लोव्हला लागून गेलाय तो.”

“लागला ना. पण तू त्याला उडी मारायला लावलीस. फेक वर होती.”

“वर नव्हती! छातीशी होती. तुला तिथून काय दिसतंय? मधे तो जाळीचा खांब आहे.”

“दिसलं मला.”

त्यावर मी जे केलं ते इथे लिहून टाकतो. मी गळ्याला चिमटा घेतला, लहानपणी घ्यायचो तसा, आणि म्हणालो, “आईशप्पथ सांगतो. छातीशी होती.” आपण मराठी माणसं ही शपथ दिवसातून चारदा घेतो, चहात साखर किती यावरूनसुद्धा घेतो. पण चौधरी घेत नसे. त्याची आई गेली तेव्हा त्याचं जहाज भर समुद्रात होतं. तार मिळून, बंदर गाठून तो रावेरला पोचला तोवर तेरावा उरकला होता. हे त्यानंच मला एकदा बसमध्ये सांगितलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं. आणि आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या मैदानावर दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. घाईत चेंडूची शिवण माझ्या बोटांत बसली नव्हती. हातातून सुटतानाच मला कळलं होतं की हा वर जाणार.

चौधरी माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा जरा पडला. मग त्यानं वही मिटली आणि एवढंच म्हणाला, “आज नको. सामना संपला की मी नोंद बदलत नसतो.” मी तणतणत निघून गेलो. बून ले स्टेशनवरून यार्डाची बस सुटायची, तिच्यात आम्ही रोज शेजारी बसायचो. दुसऱ्या दिवसापासून मी मागच्या सीटवर जाऊन बसलो. तीन महिने मी त्याच्याशी बोललो नाही. गुन्हा माझा, आणि रुसलेलाही मीच! शेवटी दिवाळीत मृण्मयी फराळाचा डबा घेऊन दारात उभी राहिली. “मम्मी सेज इफ यू डोन्ट कम, आय मस्ट टेक बॅक द चकली.” चकलीसाठी गेलो असं दाखवून गेलो. चौधरीनं दार उघडलं, म्हणाला, “ये भो,” आणि सोफ्यावरचे पेपर बाजूला सारून मला जागा केली. त्यानंतर तो विषय कुणीच काढला नाही. त्यानं काढला नाही, म्हणजे तो विसरला, असं मी सोयीस्करपणे धरून चाललो. दिवाळीनंतर लगेचच माझा खांदा धरला आणि पिचिंग सुटलं. मी बेंचवर त्याच्या शेजारी बसून त्याची केळी खायला लागलो. ती दोन वर्षं माझ्या इथल्या सगळ्या दिवसांतली सर्वांत सुखाची होती, हे तेव्हाही कळत होतं.

त्याच्या जाण्याआधीच्या रविवारी पावसानं खेळ झाला नाही, म्हणून मी बिशानला त्याच्या घरी गेलो. वांग्याच्या भरिताचा वास दारापर्यंत आला होता. तो जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसला होता. खेळणं थांबवलेल्या पिचरांचा पूर्ण कारकिर्दीचा तक्ता करायचं काम चाललं होतं. मला बघताच त्यानं एक वही पुढे ओढली आणि पान उघडून माझ्याकडे फिरवली. “तुझं ते प्रकरण मिटवून टाकलं.” त्या सामन्याचं पान होतं. ई-वन या अक्षरांवरून एक सरळ, बारीक रेघ मारलेली, वर ई-थ्री लिहिलेलं, म्हणजे चूक रहीमची, शेजारी तारीख आणि त्याची आद्याक्षरं.

जहाजाच्या इंजिनरूमची नोंदवही अशीच दुरुस्त करतात. खोडरबर नाही, गिरगटणं नाही. चुकीच्या नोंदीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, बाजूला बरोबर काय ते, आणि सही. म्हणजे कुणी, केव्हा, काय बदललं ते कायम दिसतं. सतरा वर्षं त्यानं तेच केलं होतं आणि मैदानावरची वहीही तो त्याच नियमानं ठेवायचा. फरक इतकाच की या वह्यांत मी तशी रेघ याआधी कधीच पाहिली नव्हती.

“अरे, पण का?” मी म्हटलं.

“खांब मधे येत होता हे खरं आहे. आणि तू आईची शपथ घेतलीस. कुणी उगाच घेत नाही ती. माझंच काहीतरी चुकलं असणार. दोन वर्षं डोक्यात होतं, आता मोकळं वाटतंय बघ.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं मी... पण आतून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, भाकरी गरम आहे, बसा लगेच,” आणि मी म्हणालो, “जाऊ दे रे, जुनं झालं ते.” आणि खरं सांगू? त्याआधी माझी नजर शेजारच्या तक्त्यावर गेली होती. माझं नाव नाकानोच्या वर गेलंय का, ते मी बघून घेतलं होतं. गेलं होतं. मला बरं वाटलं होतं. पुढच्या रविवारी मैदानावर निवांत सांगू, असं मनाशी ठरवून मी दोन भाकऱ्या आणि भरीत हाणलं.

पुढचा रविवार त्याच्या वाट्याला आला नाही. मंगळवारी मृण्मयीचा फोन आला.

गेल्या शनिवारी दुपारी मी वहिनींना इथे राहायच्या पासचे आणि विम्याचे कागद लावून द्यायला गेलो होतो, मृण्मयीही घरातच होती. थोड्या वेळानं रहीम आला. टीमनं ठरवलं होतं की चौधरीचा तो शेवटचा तक्ता चौकटीत बसवून यार्डाच्या कँटीनमध्ये लावायचा, आणि चौकट रहीमच करणार होता, स्वतःच्या हातानं. वहिनींनी तक्ता दिला आणि वह्याही पुढे ठेवल्या. रहीम पानं उलटत होता, मधेच हसत होता. मग एका पानावर थांबला. मला न बघताच कळलं की कोणतं पान. त्यानं त्या रेघेवर बोट ठेवलं, वरची ई-थ्री वाचली. त्या सामन्यानंतर दोन वर्षं ती चूक माझी म्हणून सगळ्यांना माहीत होती. आता ती त्याची झाली होती.

“ओ... माइन आह?” तो इथल्या लोकांच्या इंग्रजीत म्हणाला. मग मान डोलावली. “नेव्हर माइंड. मिस्टर चौधरी रोट ऑलरेडी, मीन्स करेक्ट लाह.” आणि त्यानं वही हळूच मिटली.

मला ते सहन झालं नाही. मी रहीमला इंग्रजीत सांगितलं आणि वहिनींना मराठीत. फेक वर होती. मला फेकतानाच कळलं होतं. मी खोटी शपथ घेतली आणि चौधरीनं ती खरी मानली. सगळं दोन मिनिटांत सांगून झालं, ज्याला मी दोन वर्षं घेतली होती. रहीम मोठ्यानं हसला आणि त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली, खांदा दुखेल अशी. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पदराशी चाळा करत बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊजी, त्या सामन्यानंतर ह्यांनी डोळे तपासून घेतले, ठाऊक आहे तुम्हाला? एकदा नाही, तीनदा. वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. तिघांनीही सांगितलं, काही झालेलं नाही, नंबरसुद्धा तोच आहे. तरी ह्यांना पटेना. मला म्हणायचे, मोकाशी खोटं बोलायचा नाही, डॉक्टरांनाच काही कळत नाही.”

मी रडलो. रहीमसमोर, पोरीसमोर, चांगला हुंदके देऊन रडलो. चौधरी गेला त्या दिवशीही इतका रडलो नव्हतो.

मृण्मयी उठली, तिनं बापाचं निळं पेन आणलं आणि ती वही माझ्यापुढे उघडून ठेवली. मी घाबरलो. ती ई-थ्री म्हणजे त्यानं माझ्यावर टाकलेला विश्वास होता, तो मी कसा खोडू? वहिनी म्हणाल्या, “खोडू नका. ते करायचे तसं करा.” मग मी ई-थ्रीवर एक सरळ रेघ मारली. वर लिहिलं, ई-वन. तक्त्यातही माझं नाव नाकानोच्या खाली घेतलं. “साइन ऑलसो, अंकल,” मृण्मयी म्हणाली, “अदरवाइज नॉट काउंटेड.” मी तारीख घातली, सही केली. आता त्या एका चौकोनात तीन नोंदी आहेत आणि तिन्ही वाचता येतात. समासात थोडी जागा उरली होती, तिथे मी मराठीत एक ओळ लिहिली.

मृण्मयीला माझं अक्षर लागेना. “व्हॉट यू रोट?”

मी म्हटलं, “इट सेज, देअर वॉज नथिंग राँग विथ युअर डॅडीज आइज.”

“ऑफ कोर्स लाह, अंकल,” ती म्हणाली, आणि शाई वाळावी म्हणून पानावर हळूहळू फुंकर घालत राहिली.